तोफेच्या आत

शके १७१६, आनंदनाम संवत्सर, चैत्र शुद्ध १. पुणे.

या संवत्सराचे नाव ज्याने आनंद ठेवले, त्याला या पेठेत राहावे लागलेले नसावे.

काल सांजवेळी नागझरीच्या काठी गाडी थांबली. गाडीवान म्हणाला, "उतरा. हीच ती पेठ." मी विचारले, कुठे? समोर बाभळी, खणून ठेवलेले पाये, पाच-सहा उभी घरे आणि एक भला मोठा गोठा. पैठणला आलेल्या माणसाने सांगितले होते की पुण्यात नवी पेठ वसते आहे, शेटे जागा देतात, आणि पोथ्या लिहिणाऱ्याला तिथे मान वर करायला फुरसत मिळत नाही. गोठ्याबद्दल तो बोलला नव्हता. आमची जागा त्या गोठ्याला लागून आहे. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला म्हशी. राहायला कुडाची झोपडी.

आज पाडवा म्हणून त्या कुडालाच गुढी बांधली. लगेच पलीकडून बाईचा आवाज आला, "वाऱ्यानं पडली तर माझ्या म्हशीच्या पाठीत बसंल. त्या अंगाला बांधा!"

गाडीवान सोडला तर पुण्यात माझ्याशी कोणी बोललेले हे पहिले वाक्य. तेही सणाच्या दिवशी.

चैत्र शुद्ध ४.

आप्पा शेट्यांच्या चावडीवर जाऊन आलो. पेठेचा सगळा कारभार तेच पाहतात. माणूस बरा वाटला, फक्त बोलताना समोरच्याकडे न बघता सुपारीकडे बघतो. त्यांनी कायदा सांगितला. जागा सध्या नुसती राहायला दिली आहे. ज्येष्ठ लागला की शेजाऱ्याला चावडीवर बोलावतात, शपथेसाठी हातात बेलभंडार देऊन विचारतात. त्याचा शब्द सरळ पडला तर जागा पक्की. पावसाआधी घर उभे करा. नाही पडला तर गाडी जोडा.

मला शेजारी एकच. दुसरा ओढा आहे, आणि त्याला बोलता येत नाही, हे माझे दुर्दैव.

ही शेजारीण म्हणजे सोजरबाई. विधवा, पन्नाशीची, आवाज पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही सगळी पेठ म्हणजे तिच्या सासऱ्याचे शेत होते. पेठ वसवायची म्हणून ते घेतले आणि बदल्यात वाघोलीकडे जमीन दिली. तिचे दीर तिकडे गेले. ही गेली नाही. गोठा आणि म्हशी घेऊन इथेच बसली आहे, आणि तिच्या शेतात येऊन राहिलेला प्रत्येक माणूस चोर आहे असे धरून चालते.

कुटुंबाला हे सांगितले, तर ती म्हणाली, "अहो, शेत तिचंच होतं ना?"

मी म्हटले, असेल. मी ते चोरलेले नाही. आणि पैठणला परत जायचे म्हटले तर कोणाच्या ओसरीवर? भावांच्या वाटणीत मला लेखण्यांची पेटी आली, तिच्यात दोन माणसे झोपत नाहीत.

चैत्र शुद्ध ९.

रामनवमी. उपास आणि म्हशी.

कसब्यातल्या एका सावकाराने माहात्म्याची पोथी लिहायला दिली आहे. पहिलेच काम. अक्षर त्यांना पसंत पडले. पण लिहायचे कसे? ओळीच्या मध्यावर आलो की म्हैस रेकते. हात हलतो आणि 'न' चा 'त' होतो. आज एका पानावर सात ठिकाणी हरताळ लावावा लागला. हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात खलायची, चुकीच्या अक्षरावर पिवळा लेप द्यायचा, वाळला की त्यावर पुन्हा लिहायचे. वडील म्हणत, चांगल्या लेखकाला वर्षाला एक वाटी हरताळ पुरते. मी आठ दिवसांत ती संपवली.

म्हैस रेकली की मी कुडावर काठी आपटतो. त्यावर ती अधिक रेकते. मालकिणीची शिकवण.

या जागेचे सुख शोधायचेच तर एक आहे. मागची जमीन उतरती आहे. वाटी धुतली की पिवळे पाणी आपोआप पलीकडे निघून जाते. घाण साचत नाही.

चैत्र वद्य २.

अखेर एक सज्जन भेटला.

श्रीधरपंत. चावडीच्या वाटेवर, गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे घर आहे. पिढीजात पुणेकर असूनही बोलणे असे की कानात साखर पडावी. स्वतःहून आले, ओसरीवर बसले, माझे अक्षर पाहून म्हणाले, "अहो पैठणकर, आपण इथे या कुडात बसून लिहिता? आपली जागा वाड्यांच्या माडीवर!" जागेची त्यांनी फार आपुलकीने चौकशी केली. बोलता बोलता पुढून मागे पावले टाकत चालून आले. विहीर खणली तर पाणी किती खाली लागेल, हेही त्यांनीच सांगितले. जुन्नरला त्यांचे मेव्हणे असतात, त्यांना ओढ्याकाठची अशीच जागा हवी होती, "पण आपण आलात, याचा आनंद जास्त."

असा माणूस. स्वतःच्या मेव्हण्यापेक्षा परक्याचे सुख पाहणारा.

ते गेल्यावर सोजरबाई कुडापलीकडून म्हणाली, "मापं घेऊन गेला व्हय? शिंप्याकडं अंगरखा टाकलाय काय?"

तिला पाहुणाही बघवत नाही.

वैशाख शुद्ध ३.

अक्षय्य तृतीया. उन्हाने माती भाजून निघते आहे. रात्री कुडात झोपवत नाही, अंगणात झोपावे तर गोठ्याचे डास.

कुटुंबाने मला न विचारता सोजरबाईकडे कैरीचे पन्हे नेऊन दिले. भांडे परत आले ते ताकाने भरून. सोबत निरोप: "पन्ह्यात गूळ कमी व्हता. पैठणला महाग हाय काय?"

ताक मी प्यायलो. आंबट होते, आणि तसे मोठ्याने म्हणालो.

श्रीधरपंत संध्याकाळी आले. त्यांनी मला एक गोष्ट विश्वासात घेऊन सांगितली. सोजरबाई चावडीवर माझी तक्रार करणार आहे. आप्पा शेट्यांच्या घरी दूध घालायला जाते तिथे ती उघड म्हणाली, "त्या पोथीवाल्याबद्दल माझी तक्रार हाय." श्रीधरपंतांनी स्वतः ऐकले. म्हणाले, "आपण मनाची तयारी ठेवा. मी आहेच."

रात्रभर झोप नाही. म्हैसही जागी होती.

वैशाख शुद्ध १२.

पलीकडचे रेडकू आजारी आहे. हगवण लागली आहे, मान टाकून पडले आहे. त्याची आई रात्रंदिवस रेकते. माझा हरताळ दुपटीने खर्च होतो आहे, पोथी अर्ध्यावर.

आज सोजरबाई भर दुपारी माझ्या दारात उभी राहिली. "तुमी आल्यापासनं ह्ये झालंय! तुमच्याकडनं काय तरी येतंय माझ्या गोठ्यात!"

म्हणजे मी नजर लावली, मंत्र टाकला! माझा तोल गेला. मी म्हणालो, "बाई, मंत्र टाकायचा तर मी तुमच्या जिभेवर टाकीन, मुक्या जनावरावर कशाला?"

पेठेतली माणसे गोळा झाली. ती म्हणाली, "टाका की! बगू कुनाची जीभ आदी झडती ते!" आम्ही बराच वेळ भांडलो. माझा घसा बसला, तिचा नाही.

आत आलो तर कुटुंब कोपऱ्यात बसून हसत होते. मी विचारले, काय झाले? म्हणाली, "काही नाही. पैठणला भावांशी असं एकदा तरी मोकळेपणानं भांडला असतात, तर निम्मं घर मिळालं असतं."

वैशाख शुद्ध १४.

श्रीधरपंतांनी उद्याच्या पौर्णिमेला आम्हा दोघांना नदीवर बोलावले आहे. मुठेच्या पात्रात या दिवसांत कलिंगडांच्या वाड्या असतात. रात्री वाळूत बसून चांदण्यात कलिंगड खायचे, गार वारे घ्यायचे, ही पुण्याची रीत म्हणे. ते दर पौर्णिमेला जातात. "आपण आल्यापासून नुसते कष्टच केलेत. एक रात्र तरी पुण्याचे सुख घ्या."

मी विचारले, रात्रीच्या तोफेचे काय? इथे रात्री तोफ उडते, त्यानंतर रस्त्यावर दिसेल त्याला गस्त चौकीत नेऊन बसवते. पैठणला असले काही नव्हते. ते हसले. "अहो, नदीवर तोफ अशी ऐकू येते की कानठळ्या बसतात. ऐकली की उठायचे. गस्त काय लगेच निघते? ती पान खाते, तंबाखू मळते, मग निघते."

कुटुंबाला सांगितले. तिने दशम्या करायला घेतल्या. गेल्या दीड महिन्यात तिला इतके हलके चालताना पाहिले नव्हते.

वैशाख वद्य १.

कालची रात्र लिहून काढतो. आधी चांगले, मग उरलेले.

दिवेलागणीला निघालो. सोजरबाई रेडकाला मांडीवर घेऊन गोठ्याच्या तोंडाशी बसली होती. आम्हाला नटलेले पाहून म्हणाली, "नदीला? श्रीधरपंतासंगं? मग कान संगं न्या. आन् अंथरूनबी न्या, चौकीत देत न्हाईत."

जाताना कुठे म्हणून विचारू नये, ही साधी रीत. हिने तर शापच दिला.

पण नदी! दिवसभर तापलेली वाळू वरून गार झाली होती आणि पायाचे बोट खुपसले की आत अजून कोमट लागत होती. चांदणे इतके की कलिंगडाच्या वेलांवरची लव दिसावी. श्रीधरपंतांच्या गड्याने सतरंजी टाकली. वाडीचा भोई आला, फळांवर टिचक्या मारत फिरला, एक उचलून त्याने गुडघ्यावर फोडले. गर चांदण्यात काळा दिसतो, हे मला माहीत नव्हते. तोंडात घातला की मग तो लाल आहे हे कळते.

गोदावरीपुढे मुठा म्हणजे ओहोळ. हे मी मोठ्याने म्हणालोही. पण कुटुंब पात्रातल्या पाण्यात पाय सोडून बसले आणि काही गुणगुणू लागले, तेव्हा मला दोन्ही नद्यांत फरक करता येईना. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात ती असे गुणगुणायची. मध्ये इतकी वर्षे ती गप्प का होती, हे मी कधी विचारले नाही. कालही विचारले नाही. दशम्या खाल्ल्या, कैरीची डाळ खाल्ली, बिया कोण लांब टाकतो ते पाहिले. ती जिंकली. आजवर पुण्यात एकही क्षण असा गेला नव्हता, की ज्यात मी कोणावर तरी रागावलेलो नव्हतो.

मध्येच श्रीधरपंतांच्या पोटात कळ आली. ते म्हणाले, "आपण बसा. माझ्यासाठी हे चांदणे सोडू नका. तोफ ऐकली की निघा." गडी सतरंजी गुंडाळू लागला तेव्हा त्यांनी त्यालाही थांबवले नाही. आम्ही वाळूतच बसलो. उलट अधिक बरे वाटले.

बसलो, आणि बसून राहिलो. तोफेची वाट पाहत. चंद्र डोक्यावर आला तेव्हा भोई आपल्या खोपटातून बाहेर येऊन म्हणाला, "म्हाराज, तुमास्नी घर न्हाई काय?"

मी म्हणालो, तोफ व्हायची आहे ना.

"तोफ? ती कवाच झाली. वारं असं असलं की हितं आवाज येत न्हाई. समद्यास्नी ठावं हाय."

श्रीधरपंतांना ते ठाऊक नसावे.

आम्ही कडेकडेने, सावली धरून निघालो. कुटुंब पुढे, मी मागे. पायातले जोडे हातात. नागझरीपर्यंत कोणी भेटले नाही. घर दिसू लागले, आणि ओढ्यावरच्या पुलापाशी गस्तीने अडवले. चौघे होते. एकाने मशाल माझ्या तोंडाशी धरली. "कोण? कुठले? ओळख कोण देईल?" कोणी भल्या माणसाने ओळख दिली तर सोडतात, नाहीतर चौकी. मला, आणि तिलाही. चौकीत बायकांना कुठे बसवतात, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. तिने माझ्या उपरण्याचे टोक धरले होते.

मी श्रीधरपंतांचे नाव घेतले. शिपाई आम्हाला त्यांच्या दारी घेऊन गेले. आत दिवा होता. शिपायाने कडी वाजवून, पुलापाशी धरलेत, ओळख द्या, असे म्हटल्यावर दिवा गेला. मग आतून पुरुषाचा आवाज आला, "ते घरी नाहीत."

शिपाई हसला. "चला."

तेवढ्यात गोठ्याकडून हाक आली. "कोन हाय रं त्यो?" सोजरबाई. रेडकापाशी जागीच होती. हातात काठी घेऊन रस्त्यावर आली, मशालीच्या उजेडात मला वर-खाली न्याहाळून म्हणाली, "ह्यो व्हय!"

शिपाई म्हणाला, "ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? परवा भर दुपारी माझ्याशी भांडला की ह्यो. अख्ख्या पेठंनं बघितलंय. माझ्या शेजारचा हाय, माझ्या कर्माचा. न्हेऊ नका."

"तोफ होऊन गेली आहे, बाई."

"गेली तर जाऊ द्या! उद्या सकाळी मला ह्याच्याशी भांडायचंय. चौकीत येऊन भांडू व्हय? माझ्या म्हशींची धार कोन काढंल, तुझा बाप?"

शिपायांनी एकमेकांकडे पाहिले आणि आम्हाला सोडून दिले.

घरात आल्यावर कुटुंब रडले. मी धीर देत म्हणालो, "किती दुष्ट बाई! भांडायला माणूस हाताशी हवा म्हणून सोडवले."

कुटुंब रडायचे थांबले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाली, "झोपा तुम्ही."

वैशाख वद्य ४.

श्रीधरपंत आले होते. पोट अजून नाजूक आहे म्हणाले. त्या रात्री वैद्याकडे गेले होते, रात्र तिथेच काढली. मी गस्तीचा विषय काढला नाही. धरले गेलो, हे कोणाला सांगायची लाज वाटते. त्यांनीही विचारले नाही.

आतून तो आवाज कोणाचा, हे मनात येते आणि मी ते बाजूला सारतो. घरात भाऊ असेल. त्यांना भाऊ नाही असे कुटुंब म्हणते. बायकांना अशा गोष्टी कशा कळतात कोण जाणे.

जाताना ते म्हणाले, चावडीवरची जबानी ज्येष्ठ शुद्ध तृतीयेला ठरली आहे. "आपण आधीच जागा सोडली तर अपमान तरी टळेल. गाडीची सोय मी करतो."

वैशाख अमावास्या.

पोथी गेल्या आठवड्यातच संपली. सावकार खूष आहे, दुसरी देणार म्हणतो. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तीन दिवसांनी मी कुठे असेन?

वाट्या, लेखण्या, पुठ्ठे बांधून ठेवले. आठ दिवस लिहिणे बंद आहे. रेडकू उठून उभे राहू लागले आहे म्हणे. आता नजर उतरली वाटते.

कुटुंब सामान बांधायला तयार नाही. म्हणते, "तृतीयेला काय ते ऐकू, मग बांधू."

ज्येष्ठ शुद्ध ३.

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो. अजून नीट उमगलेले नाही.

चावडीवर पंधरा-वीस माणसे. श्रीधरपंत आप्पा शेट्यांच्या उजव्या हाताला. शेट्यांनी सोजरबाईच्या हातावर बेलभंडार ठेवला आणि सुपारीकडे बघत विचारले, "सोजरबाई, शेजारी पैठणकर. यांच्याबद्दल तक्रार?"

"हाय."

ती सुरू झाली.

"पाडव्याला गुढी माझ्या गोठ्यावर कलती बांधली. म्हस रेकली की कुडावर काठी आपटतो, म्हस आनखी बुजती. लिवताना मोठ्यानं म्हनतो, त्येबी रडल्यावानी. माझं ताक पितो, आन् आंबट हाय म्हनून वरडतो. भांडताना नीट शिवी येत न्हाई, नुसतं 'बाई, बाई' करतो." लोक हसले. ती हसली नाही. "आन् पिवळं पानी."

शेट्यांनी प्रथमच मान वर केली. "कसले पिवळे पाणी?"

"त्यास्नीच इचारा. ह्यांच्या मागल्या उतारानं माझ्या डोणीत येतंय. रेडकू त्या डोणीत पितंय. आठ दिस पानी आलं न्हाई, तर रेडकू उठलं."

वाटी. रोज सांजेला धुतलेली वाटी. हरताळ विष आहे, हे लेखकाच्या पोराला मुळाक्षरांच्या आधी शिकवतात: बोट तोंडात घालू नकोस. ते पाणी पुढे कुठे जाते, हे मी एकदाही वाकून पाहिले नव्हते. म्हैस रेकायची म्हणून मी चुकायचो, चुकायचो म्हणून हरताळ, आणि हरताळामुळे ती रेकायची.

मी म्हणालो, "खरे आहे. हरताळ आहे. माझ्याच हातचा."

श्रीधरपंत ताडकन उठले. "ऐकलेत, शेटे? मुक्या जनावरावर विषप्रयोग! शिवाय पौर्णिमेला तोफेनंतर गस्तीने यांना पुलापाशी धरले होते. असा माणूस पेठेत ठेवायचा? माझे मेव्हणे जुन्नरहून उद्या येऊ शकतात. त्यांनी तर लाकूडही घेऊन ठेवले आहे."

सोजरबाईने मान वळवली. "तुला कसं ठावं, पुलापाशी धरलं त्ये? तू तर घरी नव्हतास त्या राती. तूच सांगितलंस की, दाराआडनं."

चावडीत कोणी खोकले. श्रीधरपंत बसले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते अजूनही गोडच दिसत होते. तेवढेच मला सहन झाले नाही.

आप्पा शेटे म्हणाले, "असो. सोजरबाई, एवढ्या तक्रारी. म्हणजे यांना इथे ठेवायचे नाही, असेच ना?"

"असं कोन म्हनलं?"

"आत्ता आपणच..."

"तुमी तक्रार इचारली, म्या तक्रार सांगितली. हातात बेलभंडार हाय, खोटं कशाला बोलू? हरकत कुटं इचारली तुमी?"

शेट्यांनी सुपारी खाली ठेवली. "बरे. हरकत आहे?"

"न्हाई."

"रेडकाला विष, तरी हरकत नाही?"

"रेडकू जगलं म्हनून तक्रार. मेलं असतं तर हरकत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यो काय बोलायचं त्ये तोंडावर बोलतो. माझं शेत ग्येलं तवा समदी गोडच बोलत व्हती."

शेट्यांनी कारकुनाला खूण केली. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. एक अट हाय. त्या डोणीचं पानी आता माझी जनावरं पिनार न्हाईत. पावसाळा लागंपातुर हौदावरनं रोज सकाळी पानी ह्यो आननार."

मी म्हणालो, "मी? म्हशींना? अहो बाई, मी लेखक माणूस..."

"मग हरकत."

बायका बसल्या होत्या तिकडून कुटुंबाचा आवाज आला. इतक्या लोकांत ती कधी बोललेली नाही. "आणतील."

ज्येष्ठ शुद्ध ५.

खांदा सुजला आहे. म्हशी किती पाणी पितात, हे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही.

मागच्या उताराला खड्डा खणला. वाटी आता त्यात धुतो आणि वर माती टाकतो. सोजरबाई येऊन पाहून गेली. "आनखी खोल." खणला. "आता लई खोल. रेडकू पडंल." त्यावर फळी टाकली.

श्रीधरपंत रस्त्यात दिसले. हात जोडून म्हणाले, "अभिनंदन! मला किती आनंद झाला म्हणून सांगू!" मी म्हणालो, "माझी तुमच्याविषयी तक्रार आहे." ते म्हणाले, "काय?" मी ती सगळी भर रस्त्यात सांगितली. घसा बसेपर्यंत. घरी आलो तर सोजरबाई म्हणाली, "आवाज पोचत न्हाई. पोटातनं काडा."

ज्येष्ठ शुद्ध ११.

पायाचे दगड आले. उद्या मुहूर्त.

सांजेला अंगणात बाज टाकून दोघे बसलो. चांदणे नदीवरच्याइतके नव्हते, आणि वाऱ्याला शेणाचा वास होता. कुटुंब काही गुणगुणत होते. रेडकू कुडाच्या फटीतून तोंड काढून बघत होते. मध्ये एकदा म्हैस रेकली, मी काठीकडे हात नेला आणि मागे घेतला.

पलीकडून आवाज आला, "चांदनं फुकट हाय म्हनून रातभर बसू नका. तोफ व्हईल."

मी म्हणालो, "आपल्या अंगणात तोफेचे काय भय?"

मग: "आपल्या? शेत माझं व्हतं त्ये."

'माझ्या' म्हणायला हवे होते की 'तुमच्या', याचा मी विचार करत राहिलो. तेवढ्यात तोफ झाली, इतक्या जवळ की बाज हलली, आणि पलीकडे सोजरबाईने आपल्या दाराला कडी घातली.